घरच्या म्हाताऱ्या कुत्र्याला निरोप देताना

छातीत धडधडते, झोप लागत नाही, जेवण जात नाही, अशी तक्रार घेऊन आलेला पेशंट कधी कधी कारण विचारल्यावर गप्प बसतो. मग मान खाली घालून सांगतो, "काही नाही डॉक्टर, घरचा कुत्रा गेला." लोक हसतील म्हणून हे दुःख कोणी बोलून दाखवत नाही. पण बारा-तेरा वर्षे ओट्यावर बसून वस्ती राखणारा, एसटीतून उतरलेल्या घरच्या माणसाची चाहूल लांबून ओळखणारा प्राणी गेला, तर माणसाला वाईट वाटणारच. त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही.

आपल्या यवत परिसराला तर हे सांगायलाच नको. जेजुरी हाकेच्या अंतरावर, आणि खंडोबाच्या सोबत कुत्रा असतोच. साताऱ्याजवळ संगम माहुलीला शाहू महाराजांच्या लाडक्या कुत्र्याची समाधी दाखवतात. शिकारीत त्याने वाघापासून महाराजांचे प्राण वाचवले, असे सांगतात. अलीकडचे उदाहरण मुंबई पोलिसांच्या 'जंजीर'चे. पुण्यात शिकून तयार झालेल्या या कुत्र्याने १९९३ च्या बॉम्बस्फोटांच्या काळात ३,३२९ किलो आरडीएक्स शोधून दिले. १६ नोव्हेंबर २००० रोजी हाडांच्या कर्करोगाने तो गेला, तेव्हा पोलीस खात्याने त्याला मानाने निरोप दिला.

आपल्या घरचा मोत्या किंवा वाघ्या काही जंजीर नसेल. पण त्याचा शेवट नीट व्हावा, ही जबाबदारी आपलीच आहे. आणि त्यात घरच्यांच्या आरोग्याचाही प्रश्न आहे.

म्हातारपण की आजार?

मोठ्या अंगाचे कुत्रे आठ-दहा वर्षांत थकते. लहान चणीचे किंवा आपले गावठी कुत्रे चांगली निगा असेल तर बारा-चौदा वर्षे जगते. डोळ्यांत मोतीबिंदू, कमी ऐकू येणे, मागच्या पायांत संधिवात ही वयाची लक्षणे. मात्र खूप पाणी पिणे आणि वारंवार लघवी होणे, वजन झपाट्याने उतरणे, अंगावर गाठ येणे, पोट फुगणे, धाप लागणे ही आजाराची लक्षणे आहेत. मूत्रपिंड, हृदय, मधुमेह, कर्करोग हे सगळे विकार कुत्र्यांनाही होतात. 'वय झाले' म्हणून सोडून न देता एकदा पशुवैद्यकांना दाखवावे.

घरातल्या डब्यातली आपली गोळी मात्र त्याला देऊ नये. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारख्या गोळ्यांनी कुत्र्याच्या जठरात व्रण पडतात, रक्तस्राव होतो, मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. पॅरासिटामॉलनेही अपाय होतो. कुत्र्यांसाठी वेदनाशामक औषधे वेगळी आहेत.

एक धोक्याची सूचना

हे प्रत्येक वाचकाने लक्षात ठेवावे. कुत्रा अचानक गिळेनासा झाला, जबडा लोंबू लागला, लाळ गळू लागली, आवाज बदलला, मागचे पाय लुळे पडले, तर हे म्हातारपणच असेल असे समजू नका. पिसाळलेला प्रत्येक कुत्रा धावत सुटून चावतोच असे नाही. रेबीजचा एक प्रकार असा शांत, लुळा पाडणारा असतो. 'घशात हाड अडकले असेल' म्हणून माणसे तोंडात हात घालतात आणि लाळ जखमेला लागते.

अशा कुत्र्याला हात न लावता बांधून किंवा कोंडून ठेवावे आणि पशुवैद्यकांना बोलवावे. तो कोणाला चावला असेल, ओरखडला असेल, जखमेला किंवा तोंडा-डोळ्यांना त्याची लाळ लागली असेल, तर ती जागा साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी व त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जाऊन लस सुरू करावी. हळद, चुना, मिरची लावू नये. चावल्यानंतर दहा दिवसांच्या आत कुत्रा मेला, तर लशीत जराही हयगय नको. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की माणूस वाचणे जवळजवळ अशक्य असते. लस वेळेवर घेतली तर तो टळतो.

निर्णय कसा घ्यावा?

काहीजण मायेपोटी कुत्र्याला तडफडत ठेवतात. काहीजण कंटाळून त्याला टेम्पोत घालून हायवेला लांब सोडून येतात. दोन्ही वाईट. ज्याला नीट दिसत नाही, पळता येत नाही, त्याला सोलापूर रस्त्यावर सोडणे म्हणजे गाडीखाली किंवा उपासमारीने मारणेच होय. उपाशी-तहानलेले मरेल अशा स्थितीत जनावर टाकून देणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हाही आहे.

यासाठी एक सोपा उपाय करा. भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज खूण करा. कुत्रा खाल्ला-प्याला, उठला, हाक मारल्यावर शेपूट हलवली, तर तो दिवस बरा. खाल्ले नाही, उठता आले नाही, जागेवरच घाण केली, रात्रभर कण्हत राहिला, तर वाईट. औषधोपचार चालू असूनही वाईट दिवस जास्त होऊ लागले, की पशुवैद्यकांशी मोकळेपणी बोलावे.

बरे होण्याची आशा नसेल तर ते इंजेक्शनने शांत मरण देऊ शकतात. आधी गुंगीचे औषध देतात, मग शिरेतून भुलीच्या औषधाचा मोठा डोस. काही मिनिटांत शुद्ध हरपते, श्वास थांबतो, मग हृदय. डोळे उघडेच राहतात, एखादा झटका येतो, लघवी होते. त्या वेळी त्याला काही जाणवत नसते. घरचे माणूस जवळ असले तर कुत्रा घाबरत नाही. घरीच कसले तरी विष घालण्याचा विचार कोणी करू नये. ते मरण अत्यंत यातनांचे असते.

मग त्याला उघड्यावर, ओढ्यात किंवा कालव्यात टाकू नका. भुलीचे औषध मृत शरीरात राहते आणि ते खाणारी कुत्री, पक्षीही मरू शकतात. जनावरांना दिलेल्या डायक्लोफेनॅकमुळे आपल्याकडची गिधाडे अशीच संपत गेली. म्हणूनच २००६ मध्ये जनावरांसाठी त्या औषधावर बंदी आली. विहीर, बोअर यांपासून दूर चार-पाच फूट खोल खड्डा घ्यावा, प्लॅस्टिकमध्ये न गुंडाळता पुरावे. हातमोजे घालावेत, नंतर हात साबणाने धुवावेत. रेबीजचा संशय असेल तर पशुवैद्यकांना विचारल्याशिवाय शरीराला हात लावू नये.

मागे राहिलेल्यांची काळजी

लहान मुलांना 'तो झोपला' असे सांगू नये. मूल झोपेलाच घाबरू लागते. 'तो खूप म्हातारा झाला होता, मेला, आता परत येणार नाही,' असे साध्या शब्दांत सांगावे आणि रडू द्यावे.

सर्वांत जास्त लक्ष घरातल्या आजी-आजोबांकडे द्यावे. मुले पुण्याला नोकरीला, आणि दिवसभर सोबत कुत्र्याची, अशी घरे आता पुष्कळ आहेत. कुत्रा गेला की आजोबांचे सकाळचे फिरणे बंद होते, जेवणाची वेळ चुकते, बीपी-शुगरच्या गोळ्या राहतात. त्यांना काही दिवस कोणीतरी सोबत फिरायला न्यावे. गोळ्यांकडे लक्ष ठेवावे.

तीव्र दुःखाने हृदयाचा स्नायू काही काळ दुर्बल होतो. हा विकार जपानी डॉक्टरांनी १९९० च्या सुमारास प्रथम नोंदवला. पन्नाशीपुढच्या स्त्रियांत तो जास्त आढळतो. कुत्रा गेल्यानंतर हाच विकार झालेल्या अमेरिकेतील एका महिलेची नोंद २०१७ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात आली होती. पेशंट बहुधा बरा होतो, पण लक्षणे हार्ट अॅटॅकसारखीच असतात. तेव्हा छातीत दुखले, दम लागला तर 'रडून झाले असेल' असे म्हणू नका, ताबडतोब ईसीजी काढा. दोन-तीन आठवड्यांनंतरही झोप-जेवण सुधारले नाही किंवा जगण्यात अर्थ नाही असे बोलणे सुरू झाले, तरी डॉक्टरांना दाखवा.

दुसऱ्याच दिवशी नवे पिल्लू आणून दुःख बुजवू नये. घरातल्यांच्या मनाने घेतले की जरूर आणावे. आणि ते तीन महिन्यांचे झाले की पहिल्यांदा रेबीजची लस टोचून घ्यावी.