‘थांबा!’ म्हणायला शिकवणारी शाळा

सिनेमा संपला, थिएटरातले दिवे लागले की आपण काय करतो? पायाने चपला चाचपतो, पॉपकॉर्नचा रिकामा पुडा खुर्चीखाली सरकवतो आणि दाराकडे धावतो. पडद्यावर खालून वर सरकत जाणारी नावं कोण वाचतो? पुढच्या वेळी हॉलिवूडचा एखादा सिनेमा पाहाल ना, तेव्हा दोन-चार मिनिटं जास्त बसून राहा. गॅफर, की ग्रिप, बेस्ट बॉय अशी मजेदार बिरुदं दिसतील. गॅफर म्हणजे दिव्यांच्या खात्याचा प्रमुख. ग्रिप म्हणजे कॅमेऱ्याचे रूळ टाकणारा, क्रेन आणि मचाणं उभारणारा. आणि बेस्ट बॉय म्हणजे वर्गात पहिला आलेला मुलगा नव्हे बरं का! तो गॅफरचा किंवा की ग्रिपचा उजवा हात. कधी कधी ही ‘बॉय’ चांगली पन्नाशीची बाईसुद्धा असते.

नावांची ती लांबलचक यादी संपता संपता एक छोटंसं बोधचिन्ह येतं. ते ‘आयॅट्सी’ नावाच्या कामगार संघटनेचं. १८९३ साली नाटकांच्या रंगमंचामागे राबणारे लोक न्यूयॉर्कमध्ये एकत्र आले आणि त्यांनी ही संघटना काढली. तेव्हा सिनेमा धड जन्मालाही आला नव्हता. आज अमेरिका आणि कॅनडातले दीड लाखांहून अधिक पडद्यामागचे कामगार तिचे सभासद आहेत. सुतार, रंगारी, शिंपी, दिवेवाले, कॅमेरावाले, मेकअपवाले, सगळे.

आता गंमत ऐका. ही मोठी माणसं शाळेत जातात! लॉस एंजेलिसच्या मोठ्या स्टुडिओंमध्ये काम मिळण्यासाठी एका यादीत नाव असावं लागतं आणि त्या यादीत टिकायचं तर सुरक्षिततेचे ठरलेले वर्ग पुरे करावेच लागतात. वीस-वीस वर्षं दिवे टांगलेला, मिशा पिकलेला माणूससुद्धा यातून सुटत नाही. याशिवाय संघटनेचा स्वतःचा प्रशिक्षण निधी आहे. त्यातर्फे करमणुकीच्या धंद्यातल्या धोक्यांवर दहा तासांचा एक अभ्यासक्रम चालतो.

काय शिकवतात तिथे? पहिल्यांदा ऐकलं तर वाटेल, हे काय, शिडी कशी लावायची हेही शिकवायला लागतं? पण तुम्हीच सांगा, भिंतीला टेकवलेल्या शिडीचे पाय भिंतीपासून किती दूर असावेत? नाही ना ठाऊक? शिडी जितक्या उंचीवर टेकते, त्याच्या पाव अंतर. म्हणजे १२ फुटांवर टेकली असेल तर पाय ३ फूट दूर. फार जवळ ठेवलीत तर चढणारा पाठीवर पडेल, फार दूर ठेवलीत तर शिडीच घसरेल. आवाजाचंही असंच सोपं माप आहे. हातभर अंतरावरच्या माणसाशी ओरडून बोलावं लागत असेल, तर तो आवाज कानांना इजा करण्याइतका मोठा आहे असं समजायचं. विजेच्या तारांपासून क्रेन निदान १० फूट लांब ठेवायची, आणि तारेतला दाब जास्त असेल तर आणखी लांब. कारण मोठ्या दाबाची वीज हात लागायची वाट पाहत नाही, जवळ गेलं की ती उडी मारते.

शिवाय प्रत्येक धोक्यासाठी एकेक पत्रक आहे. निर्माते आणि कामगार संघटना यांची मिळून एक समिती आहे. तिने अशी चाळीसहून अधिक पत्रकं काढली आहेत. बंदुका, हेलिकॉप्टर, पाणी, साप, धूर, उन्हाचा तडाखा, काय म्हणाल त्याचं पत्रक! ज्या दिवशी तसा प्रसंग चित्रित करायचा असेल, त्या दिवशीच्या कामाच्या कागदाला ते जोडायचं आणि काम सुरू होण्याआधी सगळ्यांना जमवून समजावून सांगायचं, अशी पद्धत आहे.

ही पत्रकं काही कुणाला बसल्या बसल्या सुचलेली नाहीत. त्यांच्यामागे माणसं गेलेली आहेत. २३ जुलै १९८२ च्या रात्री कॅलिफोर्नियात ‘ट्वायलाइट झोन’ सिनेमाचं चित्रीकरण चालू होतं. व्हिक मॉरो हा नट दोन मुलांना काखेत घेऊन नदी ओलांडतोय, वर हेलिकॉप्टर घिरट्या घालतंय आणि आजूबाजूला स्फोट होताहेत, असा प्रसंग. एका स्फोटाने हेलिकॉप्टरचा मागचा पंखा निकामी झाला आणि ते थेट या तिघांवर कोसळलं. मुलं सहा आणि सात वर्षांची होती, म्हणजे तुमच्या धाकट्या भावंडांएवढी. रात्री दोन वाजून गेले होते. इतक्या लहान मुलांना त्या वेळी कामाला लावणं कायद्यात बसत नव्हतं आणि त्यांच्यासाठी परवानाही काढलेला नव्हता. या अपघातानंतर हॉलिवूडने सुरक्षिततेचे नियम नीट लिहून काढायचं मनावर घेतलं.

नियमांच्या त्या गठ्ठ्यातलं पहिलंच पत्रक बंदुकांचं आहे. का, ते समजायला ब्रूस लीच्या मुलाची, ब्रँडन लीची गोष्ट सांगायला हवी. ३१ मार्च १९९३, सिनेमा ‘द क्रो’. काडतुसाचे भाग चार: पितळी नळकांडं, तळाशी ठिणगी पाडणारी टोपी, आत दारू आणि तोंडाशी शिशाची गोळी. सिनेमात दोन प्रकारची खोटी काडतुसं वापरतात. एकात गोळी असते पण दारू नसते. ते जवळून दाखवायला. दुसऱ्यात दारू असते पण गोळी नसते. ते बार उडवायला. ‘द क्रो’च्या वेळी पहिल्या प्रकारची काडतुसं खऱ्या काडतुसांतली दारू काढून बनवली होती, पण तळाची टोपी तशीच राहिली. कधीतरी चाप ओढला गेला, टोपीच्या ठिणगीने गोळी जेमतेम ढकलली गेली आणि नळीतच अडकून बसली. कुणी नळीत डोकावून पाहिलं नाही. पुढे त्याच बंदुकीत दुसऱ्या प्रकारचं काडतूस भरलं. दारूने अडकलेली गोळी बाहेर फेकली आणि खोटी बंदूक खरी झाली! ब्रँडन तेव्हा २८ वर्षांचा होता. म्हणूनच वर्गात घोकून घेतात की सेटवरची प्रत्येक बंदूक भरलेलीच आहे असं धरून चालायचं, नळी उघडून, विजेरी लावून पाहायची, आणि खरं काडतूस सेटच्या आसपासही आणायचं नाही.

हे सगळं घोकून पाठ करता येतं. पण या शाळेतला एक धडा पाठ करून येत नाही. शंका आली की ‘थांबा!’ म्हणायचं.

तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढं अवघड? बरं, आठवा पाहू, सरांनी फळ्यावर गणित चुकवलं तर हात वर करायला वर्गातले किती जण धजावतात? सेटवर तर तासातासाला ढीगभर पैसा जळत असतो, सूर्य मावळायला आलेला असतो, दिग्दर्शक घाई करत असतो. आणि हॉलिवूडमधले हे लोक कायमच्या नोकरीत नसतात. एक सिनेमा संपला की दुसरा शोधायचा. आज तोंड उघडलं आणि उद्या बोलावलंच नाही तर?

अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात २० फेब्रुवारी २०१४ रोजी काय झालं ते पाहा. ‘मिडनाइट रायडर’ नावाच्या सिनेमाचा पहिलाच दिवस. नदीवरच्या रेल्वेच्या पुलावर, रुळांमध्ये लोखंडी पलंग ठेवून एक स्वप्नाचा प्रसंग घ्यायचा होता. रेल्वे कंपनीने परवानगी नाकारली होती. बहुतेक कामगारांना याचा पत्ताच नव्हता. दोन गाड्या जाऊ दिल्या आणि मंडळी पुलावर चढली. गाडी आलीच तर पळायला साठ सेकंद मिळतील, असं त्यांना सांगितलं होतं. तिसरी गाडी आली, मालगाडी. ताशी नव्वदेक किलोमीटर वेगाची मालगाडी थांबायला दीड-एक किलोमीटर घेते, हे ध्यानात ठेवा. पलंग रुळांवरून निघेना. गाडीने त्याचे तुकडे केले आणि त्या तुकड्यांच्या धक्क्याने सॅरा जोन्स ही कॅमेरा सहायक गाडीवर फेकली गेली. ती २७ वर्षांची होती. आणखी काही जण जखमी झाले.

रेल्वेवरच्या चित्रीकरणाचं पत्रक तेव्हा नव्हतं असं समजू नका. अठ्ठावीस क्रमांकाचं पत्रक होतं की! रुळांवर कुठल्याही वेळी, कुठल्याही दिशेने गाडी येऊ शकते हेच धरून चालायचं, रेल्वेचा माणूस हजर हवा, त्याच्या परवानगीशिवाय पाऊल टाकायचं नाही. सगळं कागदावर होतं. पुलावर मात्र रेल्वेचा माणूस नव्हता आणि परवानगीचा कागद दाखवा म्हणून काम अडवून धरणारंही कुणी निघालं नाही. दिग्दर्शकाने पुढे गुन्हा कबूल केला आणि तो तुरुंगात गेला. सिनेमा कधीच पुरा झाला नाही.

माझ्या मते संघटनेचा खरा उपयोग इथे आहे. पगारवाढीसाठी ती लागतेच, पण ‘मी या पुलावर चढणार नाही’ म्हणणाऱ्या मुलीमागे उभं राहायलाही कुणीतरी लागतं. एकटीने म्हटलं तर तो हट्ट वाटतो. तेच दीड लाख माणसांच्या वतीने म्हटलं की कामाचा नियम होतो. तरीही तो दर वेळी पाळला जातोच असं नाही. २१ ऑक्टोबर २०२१ ला न्यू मेक्सिकोत ‘रस्ट’च्या सेटवर कॅमेरा विभागातले काही जण सकाळीच काम सोडून निघून गेले. बंदुकीचे नकळत बार उडाल्याची त्यांची तक्रार होती. त्याच दुपारी रिकामी म्हणून नटाच्या हाती दिलेल्या बंदुकीतून खरी गोळी सुटली आणि छायाचित्रकार हॅलिना हचिन्स प्राणाला मुकली.

आपल्याकडचं काय? ८ फेब्रुवारी १९८९ ला म्हैसूरच्या प्रीमियर स्टुडिओत ‘द स्वोर्ड ऑफ टिपू सुलतान’ या मालिकेच्या सेटला आग लागली. भिंतींना गोणपाट लावलेलं, हवा खेळायला जागा नाही. बासष्ट माणसं गेली. फेब्रुवारी २०२० मध्ये चेन्नईजवळ ‘इंडियन २’च्या सेटवर क्रेन कोसळून तिघं गेले. मुंबईतही लाइटमन, स्पॉटबॉय, कपडेपटवाले यांच्या संघटना आहेत, त्यांचं मोठं फेडरेशन आहे. गोरेगावच्या चित्रनगरीत कधी शूटिंग बघायला गेलात तर हिरोच्या सहीसाठी धडपडण्याआधी जरा वर मचाणाकडे बघा. दिवा धरून बसलेल्या काकांच्या कमरेला पट्टा आहे का, आणि तो कशाला तरी बांधलेला आहे का?

जाता जाता सेटवरचा एक शब्द सांगतो. हॉलिवूडमध्ये दिवसाच्या शेवटून दुसऱ्या शॉटला ‘ॲबी सिंगर’ म्हणतात. या नावाचे एक सहायक दिग्दर्शक होते, त्यांच्यावरून हे नाव पडलं. आता दिवसाच्या पहिल्या शॉटलाही नाव मिळालं आहे. सकाळी सगळ्यांना गोळा करून आज धोका कुठे आहे, बाहेर पडायची वाट कोणती, कुणाला काही विचारायचं आहे का, हे बोलून झालं की मगच तो शॉट घ्यायचा. सॅराच्या आई-वडिलांनी आणि तिच्या सोबत्यांनी ही पद्धत पुढे नेली. त्या शॉटला म्हणतात ‘जोन्सी’.