सूप विणणारे आमचे आजोबा

आमचे आजोबा कालकथित झाले त्याला वीस वर्षे उलटून गेली. २००३ च्या पावसाळ्यात ते गेले. शाळेची पायरी त्यांना चढायला मिळाली नव्हती, पण त्रिसरण-पंचशील तोंडपाठ होते आणि बांबूची कोणती काठी कशाला लागेल हे ते लांबून सांगत. थोरामोठ्यांची चरित्रे आपण वाचतो, ती वाचलीच पाहिजेत. पण चळवळ ज्यांनी घरात आणि हातात मुरविली त्या साध्या माणसांबद्दल आपल्यात फार थोडे लिहिले जाते, म्हणून हा खटाटोप.

आमचे गाव सावंतवाडी तालुक्यात, आंबोली घाटाच्या पायथ्याला. वर आंबोलीत वर्षाला सरासरी सात हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. तो सगळा आपल्याच अंगावरून खाली उतरतो, असे आजोबा म्हणत. १९८२ च्या गिरणी संपानंतर वडिलांचे काम सुटले आणि आम्हां भावंडांना आजी-आजोबांकडे ठेवण्यात आले. आमची चौथीपर्यंतची शाळा तिथलीच.

देशावरच्या वाचकांना कदाचित नवल वाटेल, कारण तिकडे बांबूकाम बुरूड समाज करतो. दक्षिण कोकणात आणि गोव्यात ते पिढ्यान्‌पिढ्या महारांकडे होते. सूप, रोवळी, टोपली, हारा, भाताची कणगी, पावसात डोक्यावर घ्यायचे इरले, सगळे आमच्या वाडीत विणले जाई. आजोबा पावसाळ्यात बेटाला हात लावू देत नसत, कारण तेव्हा नवे कोंब वर येत असतात. पाऊस सरला, थंडी पडली की तोड सुरू. तीही कोवळ्या काठीची नव्हे. "पोरांनु, काठयेन तीन पावसाळे खावक होये, मगेच ती वाकता, मोडणा नाय," असे ते बजावीत. तोडलेल्या काठ्या काही दिवस ओढ्याच्या पाण्यात बुडवून ठेवीत. त्याने बांबूतला गोड अंश निघून जातो आणि भुंगा लागत नाही. मग कोयत्याने उभे चिरून कामट्या काढायच्या. एका हातात कोयता, दुसऱ्या हाताचा अंगठा पातीच्या पुढे सरकत असे. आम्हांला बघतानाच धडकी भरे. त्यांच्या सुपात पाणी ओतले तरी क्षणभर थांबे, इतकी वीण घट्ट.

आता याच सुपाची दुसरी बाजू. गौरीच्या सणात कोकणात ओवसा असतो, त्याला नवी सुपे लागतात. आमच्या वाडीने ती विणायची, गावाच्या घरी अंगणाबाहेर ठेवायची, आणि घरच्या बाईने पाणी शिंपडून ती आत न्यायची. सूप देवापुढे जाई, विणणारा उंबऱ्याबाहेर राही. मोबदला काय, तर सुगीला पदरात टाकलेले भात. सावंतवाडीच्या लाकडी खेळण्यांचे आणि गंजिफांचे केवढे कौतुक होते! व्हावे, तेही कष्टाचेच काम आहे. आमच्या सुपाला मात्र कोणी कला म्हटले नाही.

बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात महार वतनाचे बिल मांडले होते. फुकटच्या राबणुकीतून माणूस मोकळा व्हावा, ही तळमळ. आमच्या वाडीने १९५७ साली धम्मदीक्षा घेतली, तेव्हा हाच प्रश्न उभा राहिला. तरुण मंडळी म्हणाली, जातीचे काम आहे, कोयते ओढ्यात टाका. त्यांचा राग खोटा नव्हता. मेलेले ढोर ओढणे आजोबांनी त्याआधीच सोडले होते. पण कोयता टाकायला ते तयार झाले नाहीत. काम वाईट नाही, पदर पसरणे वाईट, एवढेच त्यांचे म्हणणे. त्या वर्षापासून त्यांनी कोणाच्या अंगणात सूप ठेवले नाही. ज्याला पाहिजे त्याने बाजारात यावे आणि रोख पैसे मोजावे. गावाने दोन वर्षे त्यांच्याकडून टोपली घेतली नाही. आजोबा-आजी डोक्यावर भारे घेऊन पायी सावंतवाडीच्या बाजाराला जात. तिसऱ्या वर्षी गौरीच्या आधी गावच्याच बाया तिथे भाव विचारीत उभ्या होत्या. आजी ही गोष्ट सांगताना मनापासून हसे.

त्या पैशांतून आमचे वडील आणि दोन्ही आत्या शिकल्या. मुलींना कशाला, असे विचारणाऱ्या भावकीला आजोबांनी कधी उत्तर दिले नाही. जून आला की दोघींची नावे शाळेत घालून येत. प्रत्येक नातवंडाला पहिलीत जाताना ते झाकणाची छोटी पेटारी विणून देत. तेच आमचे दप्तर.

डोंगर हा त्यांचा दुसरा संसार. करवंदे, शिकेकाई, पहिल्या पावसानंतरची अळंबी, गव्याची पायवाट, सगळे त्यांनी आम्हांला फिरून दाखविले. वडिलांनी कितीदा मुंबईला बोलाविले, पण चाळीत चार दिवस काढले की म्हणत, "हय डोंगर खंय दिसणा नाय रे." त्यांना फक्त ६ डिसेंबरला मुंबई चाले. चैत्यभूमीला यायचे, रांगेत उभे राहायचे आणि दुसऱ्या दिवशी परतीची गाडी धरायची.

आज वाडीत प्लास्टिकची सुपे आली आहेत. विणणारे तीन-चार हात उरले, तेही म्हातारे. खाजगी जमिनीतला बांबू कायद्याने झाड गणला जाई, त्यामुळे वाहतुकीला परवान्याची कटकट होती. २०१७ साली ती अट निघाली. आता बांबूला चांगले दिवस येतील असे बोलतात आणि प्रशिक्षणाचे वर्गही भरतात. आमचे मत असे की, त्या वर्गांत आपल्या मुलामुलींनी जरूर बसावे. शिक्षण सोडून नव्हे, शिक्षणाच्या जोडीने. पिढ्यांचे कसब आपले आणि दुकान दुसऱ्याचे, असे पुन्हा व्हायला नको.

आजोबांचा कोयता धाकट्या चुलत्यांकडे गावी आहे. आमच्या वाट्याला त्यांनी विणलेली शेवटची पेटारी आली. तीत मुलीच्या गुणपत्रिका आणि दाखले ठेवतो. अजून तिला भुंगा लागलेला नाही.