सोनगीर : महामार्गावरची भांड्यांची पेठ

धुळ्याहून शिरपूरकडे निघाले की सुमारे 20 किलोमीटरवर सोनगीर लागते. किल्ल्याची लांबट टेकडी, पायथ्याशी गाव आणि गावाला खेटून मुंबई-आग्रा महामार्ग. घासूनपुसून मांडलेले हंडे, कळश्या, पराती आणि बंब उन्हात दुरूनच चमकतात. खानदेशात 'सोनगीरची भांडी' एवढे म्हटले की पुरते.

वाटेवरच्या माणसाला थांबवणारी पेठ म्हटली की आज मॉल आठवतो. अमेरिकेत मिनियापोलिसजवळ 1956 साली साउथडेल हा पहिला बंदिस्त उपनगरी मॉल उघडला. मोटारीतून जाणाऱ्या माणसाला रस्त्यावरून आत वळवायचे आणि एका छपराखाली सारी दुकाने दाखवायची, ही व्हिक्टर ग्रूएन या वास्तुरचनाकाराची कल्पना. मुंबईत 1999 मध्ये क्रॉसरोड्स त्याच वाटेने आला. वाटसरूला थांबवण्याची ही विद्या सोनगीरच्या पेठेला मॉलचे नावही कुणी ऐकले नव्हते तेव्हापासून येते. मॉलमध्ये माल बाहेरून येतो. सोनगीरला तो गावातच घडत आला, आणि माझ्या मते या पेठेचे मोठेपण त्यात आहे.

किल्ला इथे का बांधला, हे वर चढले की कळते. तटबंदी ढासळली आहे, दरवाजाचे अवशेष उरले आहेत, माथ्यावर खोल विहीर आहे. पण रस्ता दोन्ही बाजूंना दूरवर दिसतो. ज्याच्या हाती सोनगीर, त्याची या वाटेवर नजर. फारुकी राजवट 1601 मध्ये संपून खानदेश मुघलांकडे गेला, पुढे निजामाकडे, आणि 1752 च्या भालकीच्या तहाने मराठ्यांकडे आला. पेशव्यांनी सोनगीर विंचूरकरांना दिले. 1818 मध्ये इंग्रज आले आणि किल्ल्याचे काम संपले. कॅप्टन ब्रिग्जने धुळ्याची नवी पेठ आखून तिथे व्यापारी वसवले, तालुक्या-जिल्ह्याचा कारभारही तिकडेच गेला. सोनगीरकडे राहिले ते कसब. इंग्रजी अमदानीतल्या गॅझेटियरमध्ये गावाची ओळख तांब्या-पितळेची भांडी आणि घोंगड्या अशीच नोंदली आहे.

हे कसब समजून घेण्याजोगे आहे. तांब्याचा पत्रा कापून भट्टीत लाल करायचा, म्हणजे तो नरम पडतो. मग तो लोखंडी आधारावर धरून ठोकत ठोकत फुगवायचा, वळवायचा. ठोके बसतील तसा तो पुन्हा ताठ होतो. परत भट्टी, परत हातोडा. मोठ्या भांड्याचे बूड आणि अंग वेगळे घडवून झाळतात. शेवटी सारख्या अंतराने ठोके देऊन मठारतात. ती नक्षी नजरेला गोड वाटते, पण तिचे खरे काम भांड्याला मजबुती देण्याचे. पुढे स्वयंपाकाच्या भांड्याला आतून कथलाची कल्हई हवीच, नाहीतर आंबट पदार्थ कळकतात. तांबट, कासार आणि कल्हईवाला अशा तिघांच्या हातून गेलेले भांडे घरात पिढ्यानुपिढ्या टिकायचे.

या व्यवहाराची रीतही वेगळी. भांडे वजनावर विकले जाते, वर घडणावळ. फुटके, पोचलेले भांडे मोड म्हणून घ्यायचे आणि त्याची किंमत नव्यातून वजा करायची. म्हणजे चुलीपुढच्या बाईची ती एक प्रकारे ठेवच होती. लेकीच्या लग्नात दिलेल्या हंड्या-कळशीवर नाव घालायचे, कुणी दिले आणि कोणत्या निमित्ताने तेही. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आलेल्या लेकीने मांडणीवरच्या आईच्या भांड्यांवर आजीचे नाव वाचावे, हे खानदेशातल्या कितीतरी घरांत घडले आहे.

मग अ‍ॅल्युमिनियम आले, स्टेनलेस स्टील आले, प्लास्टिकच्या बादल्या आल्या. स्टीलला कल्हई नको, चिंच लावून घासणे नको. बायकांचे कष्ट वाचले, त्याबद्दल तक्रार करणे बरोबर नाही. गॅस आणि गिझरने बंबाची जागा घेतली. हाताने दिवसभर ठोकलेल्या भांड्याशेजारी साच्यात दाबून काढलेले भांडे स्वस्तात बसले. ठोकणाऱ्या हाताला त्या स्पर्धेत मजुरी सुटणे अवघड झाले.

रस्ताही बदलला. जो रस्ता गिऱ्हाईक आणून सोडायचा, तो चौपदरी झाला आणि वाहनांना थांबायची सवय राहिली नाही. टोलनाक्यावर गाडी उभी राहते, दुकानापाशी राहीलच असे नाही. तरीही पेठ टिकून आहे. तांब्याच्या भांड्यातले पाणी प्यायची आवड शहरांत परतली, धनत्रयोदशीला आणि लग्नसराईत पितळेला मान आहे, देवघराला आणि गावजेवणाच्या मोठ्या पातेल्यांना पर्याय नाही. मला यातली गावजेवणाची भांडी सर्वांत महत्त्वाची वाटतात, कारण त्यांच्यात शोभेपेक्षा कामाला किंमत आहे आणि कसब कामावरच जगते.

इंदूरच्या वाटेवर असाल तर सोनगीरला गाडी वळवा. आधी किल्ला चढा, मग पेठेत या. भांडे हातात घेऊन ते हाताने मठारलेले आहे का, हे जरूर विचारा आणि तसे असेल तर घडणावळीत घासाघीस करू नका.