शिडाची नौका आणि वादळी समुद्र

हिंगोली जिल्ह्यातील सिद्धेश्वर जलाशय ज्यांनी सोसाट्याच्या वाऱ्यात पाहिला असेल, त्यांस पाण्यावर आखूड, चंचल लाटा उठलेल्या दिसल्या असतील. वारा कितीही माजला तरी त्या फार उंच होत नाहीत. लाटेची उंची वाऱ्याचा वेग, तो वाहण्याचा काळ व पाण्यावरून त्यास मिळणारी अखंड धाव ह्या तीन गोष्टींवर अवलंबून असते. जलाशयात तिसरी गोष्ट तुटपुंजी. दक्षिण गोलार्धात चाळीस अंशांपलीकडे मात्र वारा पृथ्वीभोवती जवळजवळ निर्वेध फिरतो. लहान नौकेची खरी कसोटी तेथे लागते.

नवख्यास भय वाटते ते वाऱ्याचे. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो हे खरे. तथापि वेळीच शिडे आवरून त्यास उत्तर देता येते. फुटणाऱ्या लाटेस असे उत्तर नाही. १९७९ च्या फास्टनेट शर्यतीत १५ स्पर्धक मृत्युमुखी पडले. त्यानंतर साउदॅम्प्टन येथे प्रतिकृतींवर झालेल्या प्रयोगांत असे आढळले की, नौकेच्या लांबीच्या सुमारे ३० टक्के उंचीची फुटती लाट कुशीवर आदळली, तर काही नौका उलथू शकतात. गोव्यात बांधलेल्या ५६ फुटी ‘म्हादेई’च्या बाबतीत ही उंची १७ फूट येते, मुंबईत बांधलेल्या ३२ फुटी ‘सुहैली’च्या बाबतीत अवघी दहा फूट. म्हणून वादळातील पहिला नियम हा की, लाटेस कूस देऊ नये.

तो पाळावा कसा, ह्याविषयी मात्र जाणत्यांतही मतभेद आहेत. १९६८-६९ च्या पृथ्वीप्रदक्षिणेत रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन ह्यांनी ‘सुहैली’च्या पिछाडीस लांब दोरखंड सोडून तिचा वेग रोखला व पिछाडी लाटांकडे ठेविली. बर्नार मॉतेसिए ह्यांनी १९६५-६६ च्या प्रवासात असेच दोर कापून टाकले आणि ‘जोशुआ’ वेगाने, लाटेशी किंचित तिरकी हाकली. हा विरोध वरवरचा होय. मंद नौकेस पळून लाट चुकविता येत नाही. वेगवान नौका दोरांनी जखडली तर सुकाणू निष्प्रभ होते. उलट वेग अनावर झाला तर नाळ पुढच्या लाटेत रुतते. निर्णय नौकेच्या घडणीवरून घ्यावा लागतो.

आणि तरीही नौका उलथते. २१ सप्टेंबर २०१८ रोजी हिंदी महासागराच्या दक्षिण भागात अभिलाष टॉमी ह्यांची ‘थुरिया’ (‘सुहैली’चीच गोव्यात घडविलेली प्रतिकृती) वादळात उलटली व डोलकाठी मोडली. पाठीस जबर दुखापत झालेल्या टॉमींना तीन दिवसांनी ‘ओसिरिस’ ह्या फ्रेंच जहाजाने सोडविले. उलटलेली नौका तळच्या जड कण्यामुळे पुन्हा सरळ होते. मात्र त्यासाठी झडपा बंद असाव्या लागतात, बॅटऱ्या व अवजारे जागीच जखडलेली असावी लागतात, आणि खलाशी पट्ट्याने नौकेशी बांधलेला असावा लागतो. ही कामे वारा चढण्यापूर्वीच उरकावी लागतात.