कुकूचकू की ‘कुछ’ गडबड?

भल्याभल्या हिरोइनींना मागे टाकणारी अ‍ॅक्ट्रेस कोण, माहीत आहे का? तुमच्या अंगणातली कोंबडी! दुखणं लपवण्यात तिचा हात कुणी धरणार नाही. आजारी कोंबडी चारचौघींत चोच खाली-वर करत राहते, पोटात मात्र दाणाही जात नाही.

का? कळपात कमजोर दिसलं की टोचे बसतात! ही उतरंड, म्हणजे ‘पेकिंग ऑर्डर’, नॉर्वेच्या शेल्देरुप-एब्बे यांनी शंभरेक वर्षांपूर्वी कोंबड्या निरखूनच जगापुढे मांडली. म्हणून दाणे टाकताना दोन मिनिटं नुसतं बघा. कोण धावत आलं? कोण कोपऱ्यात पिसं फुगवून, मान आखडून उभं राहिलं?

आता नजर तुऱ्यावर. लालबुंद असेल तर सगळं ओके. फिकट पडला? जंत झाले असतील किंवा पिसांतल्या किडी रक्त पीत असतील. पण पिसं झडायच्या दिवसांत आणि अंडी बंद असतानाही तुरा उतरतो, तेव्हा लगेच हबकू नका. निळा-जांभळा झाला, तर मात्र थेट डॉक्टर!

...आणि कडकनाथ? झाबुआच्या या हिरोचा तुराच मुळात काळसर! २०१८ मध्ये याच्या मांसाला जीआय टॅग मिळाला, पण तुऱ्याचा रंग बघून तब्येत ओळखायची सोय काही मिळाली नाही. इथे चाल, भूक आणि शीट यांच्यावरच भिस्त.

कोंबडी उचलली आणि अंग गरम लागलं? रिलॅक्स! ४१ ते ४२ अंश सेल्सिअस हे तिचं नॉर्मल तापमान. शिवाय तिला घामच येत नाही. मे महिन्यात चोच उघडी टाकून, पंख अंगापासून लांब धरून ती धापा टाकते, तो तिचा कूलर. तिला सावली आणि गार पाणी द्या. पण गारव्याच्या वेळीही धाप लागली असेल, तर श्वासाचं दुखणं असू शकतं.

नाक धरा, आता कोंबडीची ‘बॅलन्स शीट’! शीटेवरची पांढरी टोपी म्हणजे तिची लघवी, हे माहीत आहे का? आणि दिवसातून दोन-तीनदा पडणारी चिकट, तपकिरी, भयंकर वासाची शीट? तीही नॉर्मल. रक्त दिसलं, तर मात्र थांबायचं नाही. पिल्लांमध्ये कॉक्सिडिओसिस हा आतड्यांचा रोग झपाट्याने जीव घेतो.

एक फुकटातली टेस्ट सांगते. सकाळी, दाणे टाकायच्या आधी, कोंबडीच्या गळ्याखालची पिशवी हलक्या बोटांनी चाचपा. संध्याकाळी ती टम्म भरलेली असते, सकाळी रिकामी हवी. अजून कडक गोळा लागतोय? किंवा पाण्याच्या फुग्यासारखी डुबडुबतेय? म्हणजे अन्न अडकलंय. उलटी धरून ओकायला लावू नका, पाणी श्वासनलिकेत गेलं तर कोंबडी गुदमरते. तसंच उराचं हाडही चाचपा. ते धारदार लागलं, तर पिसांच्या आड वजन उतरलंय.

कोंबडी जागची हलत नाही, पिसं फुगवून बसलीय, हात लावला की खेकसते? अहो, ती अंडी उबवायला खुडूक बसलीय! आजारी कोंबडी अशी भांडत नाही.

आणि आता ब्लॉकबस्टर! कोंबडीची चाल बिघडलेली दिसली आणि त्यातून नोबेल मिळालं, माहीत आहे का? १८९० च्या आसपास बटाव्हियात, म्हणजे आजच्या जकार्तात, डच डॉक्टर क्रिस्टियान आइकमन माणसांचे हातपाय लुळे पाडणाऱ्या बेरीबेरी रोगाचे जंतू शोधत होते. एक दिवस लॅबमधल्या कोंबड्याच लटपटू लागल्या. पाय लुळे, तोल जातोय. आणि मग एकाएकी बऱ्याही झाल्या! आइकमन यांनी खोदून चौकशी केली. कोंबड्यांना लष्करी हॉस्पिटलच्या किचनमधला उरलेला पांढरा भात घालत होते. नवा आचारी आला, त्याने लष्कराचा भात ‘सिव्हिलियन’ कोंबड्यांना द्यायला साफ नकार दिला, आणि कोंबड्या आल्या कोंड्यासकट तांदळावर. खरी जादू त्या कोंड्यात होती. तिथूनच पुढे बी-१ जीवनसत्त्वाचा शोध लागला आणि १९२९ मध्ये आइकमन यांना नोबेल!

हॅटट्रिक बाकी आहे! पिल्लांच्या कातडीखाली रक्त साकळलेलं बघून हेन्रिक डाम यांना ‘के’ जीवनसत्त्व सापडलं, नोबेल १९४३. कोंबडीच्या छातीवरची गाठ अभ्यासून पेटन राऊस यांनी १९११ मध्ये विषाणूनेही कॅन्सर होतो हे दाखवलं. त्यांना नोबेलसाठी १९६६ पर्यंत थांबावं लागलं.

तर, काही खटकलं की करायचं काय? तिला आधी वेगळं ठेवा, ऊब द्या, पाणी जवळ ठेवा. घरातल्या गोळ्या कुटून घालू नका, पशुवैद्यकीय दवाखाना गाठा. मान पिळवटली, पाय लुळे पडले, हिरवट पातळ शीट होतेय? मानमोडी रोगाची शंका घ्या. त्याच्यावर औषध नाही, वेळेवर दिलेली लस हाच उपाय.

एकापाठोपाठ एक कोंबड्या दगावल्या, तर गुपचूप पुरून मोकळं होऊ नका. भारतातला पहिला बर्ड फ्लू कुठे सापडला, माहीत आहे का? आपल्या नंदुरबारच्या नवापुरात, फेब्रुवारी २००६ मध्ये. मेलेल्या पक्ष्याला उघडा हात लावू नका आणि पशुसंवर्धन खात्याला लगेच कळवा.

आणि कोंबडी जगते तरी किती? साधारण पाच ते आठ वर्षं. पण अमेरिकेत मिशिगनच्या ‘पीनट’ने विशी ओलांडली आणि २०२३ मध्ये जगातली सर्वांत वयस्कर हयात कोंबडी म्हणून गिनीज बुकात थाटात एन्ट्री मारली!