स्विमिंग पूल मिठावर न्यायचा? आधी हिशोब, मग मशीन!



समजा, सुलतानपुरात तुमचं मोटार रिवाइंडिंगचं किंवा प्लंबिंगचं छोटंसं दुकान आहे. मेहकरकडचा एक फार्महाऊसवाला फोन करतो, "भाऊ, आमच्या पूलमध्ये क्लोरीन टाकून टाकून कंटाळा आला. ते मिठाचं मशीन म्हणतात, ते बसवून देता का?" तुम्ही काय उत्तर द्याल? नुसतं "हो" म्हणून ॲडव्हान्स घेतला आणि सहा महिन्यांनी शिडी गंजली, तर तालुक्यात नाव खराब व्हायला एक आठवडाही लागत नाही.

समृद्धी महामार्ग झाला, लोणार सरोवर २०२० साली रामसर यादीत आलं, त्याच वर्षी राज्याचं कृषी पर्यटन धोरणही आलं. म्हणजे या पट्ट्यात फार्म-स्टे आणि छोटे पूल वाढायला वाव आहे. पूल बांधणारे भेटतात, सांभाळणारे भेटत नाहीत. संधी तिथेच आहे. चला तर मग, हे काम मुळापासून समजून घेऊ.

मिठाचं मशीन नेमकं काय करतं?

पहिला गैरसमज काढून टाका. "मिठाचा पूल" म्हणजे क्लोरीन नसलेला पूल नाही. मशीन क्लोरीनच तयार करतं, फक्त बाहेरून आणण्याऐवजी तिथल्या तिथे. मीठ म्हणजे सोडियम क्लोराईड. खारं पाणी सेलमधून जातं. सेलमध्ये रुथेनियम किंवा इरिडियमच्या ऑक्साईडचा लेप दिलेल्या टायटॅनियमच्या पट्ट्या असतात. त्यांच्यातून डीसी करंट गेला की क्लोरीन बनतं आणि लगेच पाण्यात विरघळतं. सोबत हायड्रोजन वायूही निघतो. क्लोरीनचं काम झालं की ते बहुतांशी पुन्हा क्लोराईड होतं, म्हणजे तेच मीठ परत वापरात येतं.

मीठ लागतं साधारण ३,००० ते ४,००० पीपीएम. समुद्रात असतं ३५,००० च्या आसपास. म्हणजे समुद्राच्या दहाव्या हिश्श्याइतकं. तोंडात पाणी गेलं तर हलकी खारट चव, एवढंच.

आणि हो, आपल्याकडे गिऱ्हाईक हमखास विचारेल, "म्हणजे लोणारसारखं पाणी?" नाही! लोणारचं पाणी खारं तर आहेच, पण तीव्र अल्कधर्मी आहे, पीएच दहाच्या आसपास. पूलला पीएच हवा ७.२ ते ७.८.

मापं काढायला शिका

पूल ८ मीटर लांब, ४ मीटर रुंद, सरासरी १.५ मीटर खोल आहे असं धरा.

८ × ४ × १.५ = ४८ घनमीटर, म्हणजे ४८,००० लिटर.

३,२०० पीपीएम म्हणजे दर लिटरला ३.२ ग्रॅम मीठ. ४८,००० × ३.२ = सुमारे १५४ किलो. बोअरच्या पाण्यात आधीच थोडं मीठ असतं, म्हणून आधी मोजा. सुरुवातीला हिशोबाच्या ८० टक्केच टाका, पुन्हा मोजा, मग उरलेलं टाका. कमी पडलेलं मीठ वाढवता येतं. जास्त झालेलं कमी करायचं तर पाणी फेकावं लागतं, आणि आपल्या भागात मे महिन्यात पाणी फेकायला सांगणारा माणूस पुन्हा गेटच्या आत येत नाही.

आता मशीन केवढं घ्यायचं? उन्हाळ्यात वापरातल्या पूलला रोज ३ पीपीएम क्लोरीन लागतं असं धरलं, तर ४८ × ३ = १४४ ग्रॅम. तासाला २० ग्रॅम देणारा सेल ८ तास चालला की १६० ग्रॅम. बसलं! पण सेल कायम पूर्ण ताकदीवर चालवला की लवकर संपतो. म्हणून एक साईज मोठा घेतलेला बरा.

बसवताना या सहा गोष्टी चुकवू नका

१. सेलची जागा: पंप आणि फिल्टरच्या नंतर, पूलकडे परत जाणाऱ्या पाईपवर, सगळ्यात शेवटी. फ्लो स्विच असलाच पाहिजे. पाणी थांबलं आणि सेल चालू राहिला तर आत हायड्रोजन साचतो, तो धोका आहे.

२. मीठ: आयोडीन नसलेलं, शुद्ध, पांढरं. स्वस्तातल्या खडे मिठात कॅल्शियम, मॅग्नेशियम, लोह येतं. पूलला डाग आणि सेलवर थर. मीठ टाकताना मशीन बंद, पंप चालू. ब्रशने हलवा, पूर्ण विरघळू द्या, २४ तासांनी मशीन सुरू करा.

३. पीएच: या मशीनने पीएच वर चढत राहतो. पीएच ७.२ असताना क्लोरीनचा साधारण दोन तृतीयांश भाग जंतू मारायच्या रूपात असतो, ८ झाला की जेमतेम चौथा हिस्सा. म्हणजे क्लोरीन आहे, पण कामाचं नाही! त्यामुळे ॲसिडचा खर्च सुटत नाही. ॲसिड नेहमी पाण्यात टाकायचं, ॲसिडवर पाणी कधीच ओतायचं नाही. ॲसिड आणि क्लोरीनचं रसायन एकत्र तर अजिबात नाही, विषारी वायू निघतो.

४. ऊन: उघड्या पूलमधलं क्लोरीन उन्हाने उडून जातं. त्यासाठी सायन्युरिक ॲसिड लागतं. ३० पीपीएमसाठी आपल्या पूलला सुमारे दीड किलो. मशीनच्या पुस्तिकेत वेगळं प्रमाण दिलं असेल तर ते पाळा. पूर्वी ट्रायक्लोरच्या गोळ्या वापरल्या असतील तर हे आधीच साचलेलं असतं, म्हणून तपासल्याशिवाय टाकू नका.

५. धातू आणि दगड: जीआयचे पाईप, हलक्या स्टीलची शिडी, तांब्याचा हीटर, काठाला बसवलेली शहाबादी फरशी, हे सगळं खाऱ्या पाण्याला नाजूक. शिडी ३१६ ग्रेडची हवी. काम घ्यायच्या आधी प्रत्येक वस्तूचा फोटो काढून ठेवा.

६. वीज: अर्थिंग, ३० मिलीॲम्पिअरचा आरसीसीबी आणि व्होल्टेज खालीवर होत असेल तर स्टॅबिलायझर. यात तडजोड नाही. लोक पाण्यात असतात.

गिऱ्हाईक फायद्यात राहतं का?

आता खरा धंद्याचा प्रश्न. खालचे आकडे फक्त उदाहरणासाठी आहेत, तुमचे भाव तुम्ही बाजारातून आणा.

समजा क्लोरीनवर महिन्याला २,५०० रुपये जातात. मशीन बसल्यावर जादाचं मीठ, वीज, ॲसिड मिळून ७०० रुपये. बचत १,८०० रुपये. मशीन आणि फिटिंग ७०,००० रुपये. ७०,००० भागिले १,८०० म्हणजे ३९ महिने.

ऐकायला ठीक वाटतं ना? थांबा. सेल कायमचा नसतो. पाच वर्षांनी नवा सेल लागला आणि तो ३५,००० रुपयांना पडला, तर? पाच वर्षांची बचत १,०८,०००. त्यातून मशीनचे ७०,००० आणि सेलचे ३५,००० गेले. हातात उरले ३,०००!

म्हणून माझं स्पष्ट मत: हे मशीन "पैसे वाचतात" म्हणून विकू नका. खरे फायदे वेगळे आहेत. क्लोरीन रोज एकसारखं राहतं. क्लोरीनचे कॅन घरात, मुलांच्या आसपास ठेवावे लागत नाहीत. ट्रायक्लोरसारखं सायन्युरिक ॲसिड साचत नाही, त्यामुळे पाणी बदलायची वेळ उशिरा येते. ४८,००० लिटर म्हणजे दहा हजारी टँकरचे जवळजवळ पाच. दुष्काळी भागात हा मुद्दा गिऱ्हाईकाला लगेच पटतो.

सगळ्यात महत्त्वाचं: ते पाणी जातं कुठे?

हा मुद्दा विक्रेता सांगत नाही, तुम्ही सांगा. फिल्टर उलटा धुतला की एका वेळी ३०० लिटर पाणी गेलं असं धरा. त्यात जवळजवळ १ किलो मीठ. आठवड्यातून एकदा धुतला तर वर्षाला ५० किलो मीठ शेताच्या एकाच कोपऱ्यात! आपल्या काळ्या मातीत सोडियम साचला की माती घट्ट होते, पाणी मुरत नाही, पीक बसतं. शेजाऱ्याची विहीर जवळ असेल तर भांडण वेगळंच.

म्हणून हे पाणी बांधावर, झाडांना किंवा ओढ्यात सोडायचं नाही. प्लास्टिक अस्तर टाकलेला उथळ खड्डा करा, पाणी उन्हाने उडू द्या, उरलेलं मीठ गोळा करा. याचा खर्च कोटेशनमध्ये पहिल्या दिवसापासून लिहा. जागाच नसेल तर काम नाकारा. नाकारलेलं काम विसरलं जातं, खराब झालेलं शेत विसरलं जात नाही.

पावसाळ्याचंही लक्षात ठेवा. १०० मिलीमीटर पाऊस म्हणजे या पूलवर ३,२०० लिटर पाणी. पूल भरून वाहिला की मीठ पातळ होतं आणि बाहेरही जातं. झाकण ठेवा, पावसानंतर मीठ मोजा.

तुमची कमाई कशात?

मशीन विकून एकदाच पैसे मिळतात. देखभालीच्या करारात दर महिन्याला मिळतात. आठवड्याला क्लोरीन आणि पीएच, महिन्याला मीठ, तीन महिन्यांनी सेल उघडून बघणं. बोअरचं पाणी जड असेल तर पट्ट्यांवर पांढरा थर बसतोच, तो पुस्तिकेतल्या प्रमाणात पातळ ॲसिडने काढायचा. खरवडायचं नाही, लेप जातो. प्रत्येक भेटीची नोंद वहीत, खाली मालकाची सही.

आजचा गृहपाठ: मशीनचे भाव नंतर. आधी पाणी तपासायचं किट आणि मीठ मोजायचं मीटर घ्या, ओळखीतल्या एका पूलचं पाणी महिनाभर फुकट तपासा आणि आकडे लिहून ठेवा. ती वही हातात घेऊन पहिल्या गिऱ्हाईकाकडे गेलात, की तुम्हाला वेगळं कार्ड छापायची गरज पडणार नाही.

भेटूया पुढच्या भागात. तोपर्यंत शिकत राहा, हिशोब मांडत राहा!