आजीचं घड्याळ आणि मेसचं केळं

मित्रांनो, आधीच सांगून टाकते. माझं शिक्षण पहिलीपासून कॉन्व्हेंटमध्ये झालंय. तेव्हा खाली ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका सापडल्या तर त्या संपादकांच्या माथी मारा, कारण "मराठी विभागात नुसत्या कविताच येतात, एक तरी टेक्निकल लेख दे" असं म्हणून त्यांनीच हे काम माझ्या गळ्यात मारलंय.

विषय मात्र मी निवडला. कारण घरचाच आहे.

माझी आजी वाईला एकटी राहते. वय ७६. गेल्या वर्षी जूनमध्ये पहाटे सव्वापाचला ती न्हाणीघरात घसरून पडली. मनगट मोडलं, खुब्याला जबरदस्त मुका मार लागला आणि तिला उठताच येईना. फोन हॉलमध्ये चार्जिंगला लावलेला, जेमतेम बारा पावलांवर. साडेआठला कामाच्या मावशी आल्या, हाका मारल्या, पण दाराला आतून कडी! शेवटी शेजारच्या काकांचा मुलगा परसातल्या भिंतीवरून उडी मारून आत गेला. म्हणजे सव्वातीन तास आजी ओल्या फरशीवर पडून होती. मी त्या वेळी हॉस्टेलवर गाढ झोपले होते. आदल्या रात्री सबमिशन होतं.

डॉक्टर म्हणाले, हाड जुळेल, पण या वयात पडण्याइतकंच पडून राहणंही वाईट. एकाच कुशीवर तासन् तास दाब आला की स्नायूंच्या पेशी फुटतात, त्यातले घटक रक्तात उतरतात आणि मूत्रपिंडावर ताण येतो. शिवाय पाणी नाही, अंगात गारठा. म्हणजे कुणाला तरी लवकर कळणं हाही उपचारच झाला. तेव्हा मी ठरवलं की आजीला स्मार्टवॉच घ्यायचं. घेण्याआधी ते आतून कसं चालतं हे समजून घेतलं, तेच इथे लिहिते. ई अँड टीसीला असल्याचा कुठे तरी उपयोग व्हायला हवा ना!

घड्याळाला पडलेलं कसं कळतं?

घड्याळात ॲक्सेलरोमीटर नावाची चिप असते. सिलिकॉनचं सूक्ष्म वजन तितक्याच सूक्ष्म स्प्रिंगांवर टांगलेलं असतं. ते सरकलं की कपॅसिटन्स बदलतो आणि तो बदल मोजला जातो. आता व्हायवाचा प्रश्न. टेबलावर गप्प पडलेलं घड्याळ किती त्वरण दाखवेल? आमच्या बॅचमधले अर्धे जण "शून्य" म्हणाले. चूक! ते १ जी दाखवतं, कारण टेबल त्याला वर ढकलतंय. शून्य दाखवतं ते मुक्तपणे खाली पडताना.

म्हणजे माणूस पडतो तेव्हा आधी आकडा १ वरून शून्याकडे घसरतो, मग जमिनीवर आपटल्यावर एकदम उसळतो आणि त्यानंतर शांतता. या तिन्ही गोष्टी एकापाठोपाठ आल्या की घड्याळाला शंका येते. थोडं गणित करू. १ मीटर उंचीवरून खाली यायला सुमारे ०.४५ सेकंद लागतात आणि आपटताना वेग ताशी १६ किलोमीटरच्या आसपास असतो. तो वेग २ सेंटिमीटर अंतरात शून्य झाला तर धक्का ५० जी चा! चिप सेकंदाला ५० वेळा वाचन घेत असेल तर त्या ०.४५ सेकंदात जेमतेम २२ वाचनं मिळतात. तेवढ्यावर निर्णय घ्यायचा. जोडीला जायरोस्कोप हात कसा फिरला ते सांगतो, आणि काही घड्याळांतला बॅरोमीटर उंचीतला फरक टिपायला मदत करतो. १ मीटर खाली आलं की हवेचा दाब सुमारे १२ पास्कलने वाढतो, इतकं बारीक काम.

ॲपलने २०१८ साली सिरीज ४ च्या घड्याळात ही सोय दिली. वापरणाऱ्याचं वय ५५ किंवा त्याहून जास्त नोंदवलेलं असेल तर ती आपोआप सुरू होते. जोरात पडल्यावर घड्याळ आधी विचारतं, आणि माणूस साधारण मिनिटभर हललाच नाही तर स्वतःच मदतीसाठी फोन लावतं. आता इतर कंपन्यांच्याही काही घड्याळांत ही सोय असते, पण सगळ्यांत नसते. खोक्यावर मोठ्या अक्षरात 'हेल्थ' लिहिलंय म्हणून समजून चालू नका, दुकानात बसून सेटिंगमध्ये शोधा.

आणि आता गंमत. आजीला घड्याळ बांधल्यावर चौथ्या दिवशी माझं डिजिटल कम्युनिकेशनचं प्रॅक्टिकल चालू असताना फोन खणखणला. आजी पडली! मी सरांना न विचारता लॅबबाहेर पळाले, फोन लावला, तर पलीकडून आजी, "अगं, मी धुणं आपटतेय!" वरून खाली झपकन येणारा हात, दगडावर धाडकन आपटणं आणि मग घड्याळ का थरथरतंय म्हणून स्तब्ध उभं राहणं. घड्याळाच्या दृष्टीने आजी अगदी नियमाप्रमाणे पडली होती.

उलटंही होतं, आणि ते जास्त धोक्याचं. चक्कर येऊन भिंतीला टेकत हळूहळू खाली बसलेला किंवा पलंगावरून घसरलेला माणूस मोठा धक्का देतच नाही. तिथे घड्याळ गप्प राहू शकतं.

एम-थ्रीमध्ये प्रोबॅबिलिटी झोपेत काढली असेल तर इथे जागे व्हा. समजा, एखादी व्यक्ती वर्षातून एकदा पडते, आणि घड्याळ ते शंभर टक्के ओळखतं. पण महिन्यातून एकदा उगाचही वाजतं. मग वर्षात १३ वेळा वाजलं, त्यात खरं एकदाच. बारा वेळा "धुणं आपटतेय" ऐकल्यावर तेराव्या वेळी तुम्ही लॅब सोडून पळाल का? लांडगा आला रे आला! म्हणून माझा नियम असा की प्रत्येक वेळी फोन करायचाच, आणि तिने "काही नाही गं" म्हटलं की चिडायचं नाही.

केळ्याची नाडी

घड्याळ उलटं करून पाहिलंत तर हिरवे दिवे लुकलुकताना दिसतात. रक्त लाल दिसतं कारण ते हिरवा प्रकाश शोषून घेतं. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याला मनगटातलं रक्त किंचित वाढतं, हिरवा प्रकाश जास्त शोषला जातो, परत येणारा कमी होतो. शेजारचा फोटोडायोड हे चढउतार मोजतो आणि त्यातून मिनिटाला किती ठोके ते निघतं. लाल आणि इन्फ्रारेड अशा दोन प्रकाशांची तुलना केली की ऑक्सिजनचा अंदाज येतो. हे तत्त्व जपानच्या ताकुओ आओयागी यांनी १९७० च्या दशकात शोधलं. करोनाच्या काळात घरोघरी बोटाला लावलेली ती चिमटी याच तत्त्वावर चालते.

आमच्या विंगमध्ये एकीने रस्त्यावरून स्वस्तातलं घड्याळ आणलं होतं. मेसच्या केळ्याला ते बांधलं. केळ्याचे ठोके मिनिटाला ७८! रेक्टर मॅडमही बघायला आल्या होत्या. पण यावरून "सगळी घड्याळं बोगस" असा निष्कर्ष काढू नका. केळंही हिरवा प्रकाश परतवतं, त्यात थोडी गडबड असते, आणि "काही तरी ठोका शोधच" असं शिकवलेला प्रोग्राम त्या गडबडीतून ठोका काढून दाखवतो. नाडी आहे की नाही हे आधी तपासणं हा वेगळा प्रोग्राम, तो चांगल्या घड्याळात असतो. आणि पट्टा सैल असेल तर आजीचं मनगटही घड्याळाला केळंच वाटतं. हाडापासून बोटभर वर, घट्ट पण वळ उठणार नाही इतपत बांधायचं.

ठोक्यांच्या संख्येपेक्षा त्यांची लय जास्त कामाची आहे. वय वाढलं की काहींच्या हृदयाचे वरचे कप्पे नीट आकुंचन न पावता नुसते थरथरतात. याला एट्रियल फिब्रिलेशन म्हणतात. पुष्कळदा माणसाला काहीच जाणवत नाही, पण कप्प्यात रक्त साचून गुठळी होते, ती मेंदूत गेली की पक्षाघात. घड्याळ ही बिघडलेली लय पकडू शकतं का, यावर स्टॅनफर्डने मोठा अभ्यास केला. तो २०१९ साली प्रसिद्ध झाला. ४,१९,२९७ लोकांत २,१६१ जणांना इशारा मिळाला, म्हणजे सुमारे अर्धा टक्का. ६५ वर्षांवरच्यांत हे प्रमाण ३.१ टक्के होतं. इशारा मिळालेल्यांपैकी ४५० जणांच्या छातीवर नंतर ईसीजीची पट्टी लावून तपासलं, तर ३४ टक्के लोकांत तो विकार दिसला. बाकीचे सगळे इशारे खोटे असं नव्हे, हा विकार येतो-जातो, त्या दिवसांत नसेलही. म्हणून इशाऱ्याचा अर्थ इतकाच घ्यायचा की डॉक्टरांकडे जाऊन खरा ईसीजी काढा. घाबरायचं नाही, आणि दुर्लक्षही करायचं नाही.

काही घड्याळांत ईसीजीही निघतो, पण तो एकाच लीडचा. दवाखान्यातला बारा लीडचा. हार्ट अटॅक घड्याळाला ओळखता येत नाही. छातीत कळ आली तर घड्याळाकडे बघत बसू नका, १०८ लावा.

रक्तदाबाबद्दल थोडक्यात. मनगटावरून दाब सांगणारी काही घड्याळं दंडावर पट्टा फुगवणाऱ्या यंत्राशी ठराविक दिवसांनी जुळवून घ्यावी लागतात, एका कंपनीच्या घड्याळाला तर दर २८ दिवसांनी. मग यंत्रच घरात ठेवलं तर काय वाईट? आणि सुई न टोचता साखर सांगणारं घड्याळ कुणी विकत असेल तर हात जोडून पुढे जा. अमेरिकेच्या एफडीएने फेब्रुवारी २०२४ मध्ये स्पष्ट इशारा दिला की अशा एकाही घड्याळाला किंवा अंगठीला त्यांनी मान्यता दिलेली नाही. त्या आकड्यावर इन्सुलिन घेतलं तर जिवावर बेतेल. आमच्या मेसच्या काकांनी असलंच एक घेतलं होतं. मी आता ते वेळ बघायलाच वापरायला लावलंय.

कडी, किल्ली आणि शेजारी

इथवर इलेक्ट्रॉनिक्स झालं. पण खरं सांगू? आमच्या घरात सर्वात उपयोगी ठरलेल्या गोष्टी सर्किटबाहेरच्या आहेत.

पहिली म्हणजे सिमकार्ड नसलेलं घड्याळ फोनच्या जिवावर बोलतं. ब्लूटूथचा पल्ला मोकळ्या जागेत सुमारे १० मीटर, मध्ये जुन्या वाड्याची दगडी भिंत आली की त्याहून बराच कमी. आमच्या न्हाणीघरात घड्याळाचा फोनशी संपर्क तुटतच होता. फोन स्वयंपाकघरातल्या फडताळावर ठेवला, तेव्हा जमलं. तुम्हीही घरी गेलात की न्हाणीघरात उभं राहून तपासा.

दुसरी, माणूस घसरतो ओल्या जागी आणि घड्याळ काढून ठेवतो अंघोळीच्या आधी! ५ एटीएम लिहिलेलं घड्याळ पाण्याला टिकतं, पण ती चाचणी थंड, साध्या पाण्याची असते. कढत पाणी आणि साबण वर्षानुवर्षं चालेलच असं नाही. मी म्हटलं, घड्याळ खराब झालं तरी चालेल, पण अंघोळीला हातात हवं. चार्जिंग कधी? आजी संध्याकाळी मालिका बघायला तासभर खुर्चीत बसते, तेव्हा.

तिसरी, इशारा कुणाला जायला हवा? मी आधी स्वतःचा नंबर टाकला होता, किती शहाणी! मी दोन तासांवर, वर फोन सायलेंट. आता पहिला नंबर शेजारच्या काकूंचा, दुसरा मावशींचा, तिसरा माझा. काकूंकडे किल्ली दिलीय आणि आतली कडी काढून लॅचचं कुलूप बसवलंय. सगळ्यात जास्त वाद या कडीवरून झाला. घड्याळावरून नव्हे!

फोनमध्येही बरंच काही असतं जे आपण वापरत नाही. लॉक न उघडता दिसेल अशी आपत्कालीन माहिती भरून ठेवा. रक्तगट, चालू गोळ्या, ॲलर्जी, घरच्यांचे नंबर. बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्ये पॉवर बटण झपाझप पाच वेळा दाबलं की मदतीचा फोन लागतो, फक्त सेटिंग आधी बघून घ्या. १ जानेवारी २०१७ पासून भारतात विकल्या जाणाऱ्या मोबाइलला पॅनिक बटणाची सोय बंधनकारक झाली, साध्या बटणांच्या फोनमध्ये ती ५ किंवा ९ या अंकावर असते. म्हणजे स्मार्टफोन नसलेल्या आजोबांनाही मार्ग आहे. देशभरासाठी ११२ आहेच, आणि ज्येष्ठांच्या अडचणींसाठी १४५६७ ही एल्डरलाइन. मात्र ११२ लागतं का बघू म्हणून फोन लावू नका, तिकडे खरी माणसं खऱ्या संकटाला उत्तर देत असतात.

सगळं जमवून मी मोठ्या अभिमानाने आजीला म्हटलं, आता लोकेशनही शेअर कर, म्हणजे तू कुठे आहेस ते मला इथे दिसेल. ती चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाली, "मी गणपतीला गेले, का घाटावर कुणाशी बोलत बसले, ते तुला कशाला हवंय? पाळत ठेवतेस होय माझ्यावर?" मला काही बोलताच आलं नाही. माझ्या आईने असं माझं लोकेशन मागितलं असतं तर मी हॉस्टेल डोक्यावर घेतलं असतं. मग आम्ही बसून ठरवलं. लोकेशन नाही. पडल्याचा इशारा चालेल, पावलं चालतील. आणि एक अट तिची. "तुला माझं दिसणार ना, मग मलाही तुझं दिसायला हवं."

मला वाटलं, आजीला ते ॲप कुठलं कळतंय! दिलं शेअर करून.

परवा पहाटे पाचला तिचा फोन आला. मी धडपडत उचलला, छातीत धस्स झालं. आजी अगदी खुशीत होती. म्हणाली, "काल माझी चार हजार पावलं झाली, तुझी नऊशे. आणि साडेतीनला झोपलीस. सबमिशन होतं की गप्पा मारत बसला होतात?"

(लेखिका तृतीय वर्ष, ई अँड टीसी, लेडीज हॉस्टेल)